रामाजी शिंप्याला आलेलं बेरंग पाकीट

काटोलच्या शाळेत इंग्रजी चौथीपर्यंत पोचलेल्या माणसाने दुसऱ्याचं पत्र वाचून दाखवू नये, असा एखादा कायदा सरकारने करून ठेवायला हरकत नव्हती. तसा तो नव्हता. म्हणून सन १९१३च्या फेब्रुवारीत, सीताबर्डीच्या एका बोळात, रुपरावने रामाजी शिंप्याला आलेलं पाकीट फोडलं, मोठ्याने वाचलं आणि पुढचा सगळा घोळ घातला. रुपराव म्हणजे हे लिहिणाराच. पण ‘मी, मी’ करत सांगायला जीभ वळत नाही, तेव्हा त्याला रुपरावच म्हणू.

पाकीट बेरंग होतं. म्हणजे पाठवणाऱ्याने तिकीट लावलेलं नव्हतं. ज्याच्या नावाचं, त्यानेच दुप्पट भरून सोडवायचं. पोस्टमन म्हणाला, “एक आणा द्या, नाही तं वापस जाते.” रामाजीने आणा दिला. त्याला जन्मात दोनच पत्रं आली होती आणि दोन्ही मरणाची. हे तिसरं. पण गुलाबी कागदाचं, म्हणजे कोणी मेलेलं नसावं असा त्याने अंदाज केला.

आत एक छापील चित्र निघालं. मांडी घालून बसलेला शिंपी, वीतभर नाक, हातात बैलाच्या शिंगांएवढी कात्री. खाली इंग्रजी कवितेच्या चार ओळी. आणि वर, डोक्यावरच्या मोकळ्या जागेत, लाल सॅटिनचं एक पान कापून चिकटवलेलं. त्या पानातून आरपार काढलेली काळ्या शाईची एक बारीक रेघ.

“हे तं विड्याचं पान होय,” रामाजीची बायको देवकीकाकू म्हणाली.

“अन त्याच्यात सुई खोचली पाय,” रामाजी म्हणाला. “शिंप्याले विडा देल्ला कोनं तरी.” मग त्याने सॅटिनवरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहराच उजळला. “अवं, हे माह्या हातचं कापड हाये. पर्किन साहेबाच्या मोठ्या पोट्टीच्या गाऊनचं. चिंध्या म्या वापस देल्त्या, त्यातलीच हे. वाच बरं रुपराव, काय लिवलं हाये?”

रुपरावने घसा साफ केला. बोळातले चौघं तोवर गोळा झाले होते, त्यामुळे आता माघार नव्हती. वर ‘एस-टी’ अशी दोन अक्षरं आणि पुढे ‘व्हॅलेंटाईन’ असा शब्द होता. एस-टी म्हणजे स्ट्रीट, हे रुपरावला पक्कं ठाऊक होतं. “हा छापखान्याचा पत्ता,” तो म्हणाला. “व्हॅलेंटाईन स्ट्रीट. लंडनात असन.” पुढे ‘स्टील’ आलं. “स्टील म्हणजे पोलाद. तुमचा हात पोलादासारखा हाये म्हनते.” मग आलं ‘कॅबेज’. इथे तो जरा अडखळला. शिंप्याच्या कवितेत पत्ताकोबी काय करते? पण चौघं टक लावून पाहत होते. “अन काकाजी, तुमच्या कामावर खुश होऊन साहेब तुमाले कोबी देनार हाये. आपल्या बगीच्यातली.”

“सर्टिफिकेट होय म्हना ना!” रामाजी म्हणाला.

“चित्राचं सर्टिफिकेट,” रुपराव म्हणाला. त्या दिवसापासून बोळात त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणू लागले. रुपरावलाही ते आवडलं, हे इथे लपवण्यात अर्थ नाही.

आता हा रामाजी कोण, ते सांगायला हवं. रुपरावच्या वडिलांचा तो मावसभाऊ. जातीने शिंपी, वय साठाच्या आसपास. त्याला दुकान नव्हतं. रोज सकाळी कात्री, मापायचा गज आणि मेणाचा गोळा फडक्यात बांधून तो रेल्वेच्या गोऱ्यांच्या बंगल्यांकडे जायचा आणि ज्या घरी काम असेल तिथे व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायचा. मडमेला हात लावून माप घ्यायचं नसतं. ती जुना झगा फेकायची, तो डोळ्यांनीच मापायचा. चाळीस वर्षांत त्याला कोणत्याही बंगल्याचा दिवाणखाना आतून माहीत नव्हता. मात्र कोणत्या बाईची कंबर कोणत्या साली किती वाढली, हे तो सरकारी दप्तरापेक्षा अचूक सांगू शकत होता.

त्याचा एक हट्ट होता. शिंपी लोक कापड चोरतात, असं सगळं जग म्हणतं. म्हणून रामाजी कात्रीखाली पडलेली चिंधी न् चिंधी गोळा करायचा. बोटभर रुंदीचीही सोडायचा नाही. काम संपलं की गाठोडं बांधून मालकिणीपुढे ठेवायचा. ती ते लाथेने कोपऱ्यात सारायची. हा पुढच्या वेळी पुन्हा ठेवायचा.

आणि पत्र्याच्या एका नळीत त्याच्या चिठ्ठ्या होत्या. साहेब लोक बदली होऊन जाताना नोकरांना चिठ्ठी देतात, तशा सत्तावीस. ती नळी तो देवघरात ठेवायचा. हे पाकीट आता अठ्ठाविसावं झालं, आणि वेळही अशी की दुसरी मिळती ना. गोऱ्या मुलींच्या एका बोर्डिंगात कायमचा दर्जी हवा होता. महिना चौदा रुपये, बसायला खोली, खिडकीचा उजेड. रामाजीचे गुडघे व्हरांड्याच्या फरशीने गेले होते आणि सुईत दोरा ओवायला हल्ली देवकीकाकू लागायची. बोर्डिंगाच्या मेट्रनने सोमवारी चिठ्ठ्या घेऊन बोलावलं होतं. “हे एक काम लागलं,” तो म्हणायचा, “तं मराच्या आधी खुर्चीवर बसून पाहीन.”

शनिवारी तो रेल्वेच्या पर्किन्स गार्डाच्या बंगल्यावर गेला आणि सलाम करून म्हणाला, “मिस साब, कॅबेज की मेहेरबानी.” संध्याकाळी त्याने हे सगळं बोळात रंगवून सांगितलं. “दोघी पोट्ट्या इतक्या खुश झाल्या का हासता हासता धाकटी व्हरांड्यातल्या कोचावरून खाली पडली! मंग माळ्याले हाक मारली. पाहा, केवढी देल्ली!”

कोबी जुनी होती. वरची पानं काळी पडून चिकट झाली होती आणि वासाने शेजारचा कुत्राही उठून गेला. पण मानाची वस्तू! देवकीकाकूने चार पानं सोलून टाकली, चण्याची डाळ घालून भाजी केली आणि तीन घरी वाटीवाटी पाठवली. रुपरावने दोनदा घेतली.

रविवारी तो वामनराव मास्तरांकडे गेला. वामनराव मूळचे ब्राह्मण, तरुणपणी ख्रिस्ती झालेले. दोन्हीकडच्या लोकांनी त्यांना एकटं सोडल्यामुळे त्यांच्याकडे वेळ भरपूर असायचा. रुपरावला ते फुकट इंग्रजी शिकवायचे. आपली प्रगती दाखवायला म्हणून रुपरावने चारी ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या.

मास्तरांनी चष्मा काढला. “स्टीलचं स्पेलिंग काय होतं?”

“एस, टी, ई, ए, एल.”

“आणि पोलादाचं?”

“तेच,” रुपराव म्हणाला.

“ते पोलाद नव्हे रे शहाण्या. चोरणं. आणि शिंप्याने खालच्या खाली दाबलेल्या कापडाला इंग्रज लोक कॅबेज म्हणतात. ऐक तुझ्या सर्टिफिकेटात काय आहे ते. ‘कात्रीच्या प्रत्येक चाव्याला तू चोरतोस कापड. तुझी म्हातारी नेसते आमचं उरलंसुरलं. असल्या वाकड्या बोक्याला कोण म्हणेल आपला जिवलग? फासाचा दोर मापून घे, तो तुला नीट बसेल.’”

रुपरावने बोटांवर स्टीलचं स्पेलिंग पुन्हा मोजलं.

“आणि ते स्ट्रीट नाही, सेंट. संत. चौदा तारखेला त्याचा सण असतो.”

“शिव्या द्यायचा?”

“प्रेमाचा,” मास्तर म्हणाले, आणि हा शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू जिभेवर माशी बसली होती. “रोमात व्हॅलेंटाईन नावाचा एक धर्मगुरू होता. की दोन होते, की तिघं, कोणालाच धड माहीत नाही. त्याचं मुंडकं उडवलं, एवढंच सगळे सांगतात. तो प्रेमिकांची चोरून लग्नं लावायचा वगैरे जे आहे ते मागाहून शिवलेलं अस्तर. त्याच्याही आधी, याच दिवसांत, रोमचे लोक बोकड कापायचे, त्याच्या ओल्या कातड्याच्या वाद्या काढायचे आणि अर्धे उघडे होऊन रस्त्याने पळत बायकांना फटके मारायचे. म्हणे मूल होतं.”

“अन मंग प्रेम कुठून आलं?”

“इंग्लंडात कोणा कवीला वाटलं, या सुमारास पाखरं जोड्या जमवतात. झालं. स्कॉटलंडात टोपीत नावं टाकून चिठ्ठी काढू लागले. कुठे दारापुढे भेट ठेवायची, कडी वाजवायची आणि पळायचं. मग छापखाने आले, टपाल आलं. नाजूक कार्ड चार पेन्सला, आणि ज्याची खोड काढायची त्याच्यासाठी शिवीचं कार्ड एका पेनीला. म्हातारी कुमारिका, टकला वाणी, शिंपी, सगळ्यांसाठी छापून तयार. सही कोणत्याच कार्डावर करायची नाही. आणि शिवीचं मुद्दाम बेरंग टाकायचं, म्हणजे ज्याला शिवी त्यानेच तिचे पैसे भरायचे.”

पाचच दिवसांमागे वसंतपंचमी होऊन गेली होती. बोळातल्या पोरांनी पिवळे रुमाल बांधले होते. आपल्याकडेही पूर्वी या दिवसांत मदनाची पूजा व्हायची, गुलाल उधळायचा, असं मास्तर पुढे सांगत राहिले. रुपरावचं लक्ष नव्हतं. त्याला देवकीकाकूच्या वाट्या दिसत होत्या.

घरी जाऊन त्याने तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. कारण काही थोर नव्हतं. बोळात शिरताच कोणीतरी म्हणालं, “काय वकीलसाहेब?” आणि त्याने मान हलवली. बस, एवढंच कारण. उद्याच्या सत्तावीस चिठ्ठ्यांत मेट्रन कशाला अठ्ठाविसावी पाहते, असंही त्याने स्वतःला समजावलं.

रामाजीने ती नळीत सगळ्यांत वर ठेवली होती.

सोमवारी मेट्रनने आधी तीच उलगडली. उंच, कोरड्या तोंडाची बाई. ती एका ओळीला हसली, मग दुसरीला, मग खुर्चीच्या पाठीवर रेलून डोळे पुसू लागली. तिने दोघी शिक्षिकांना हाक मारली. त्यांच्या मागून सात-आठ मुली आल्या. मेट्रनने कविता वाचून दाखवली, बोट रामाजीकडे करून. तो हात जोडून उभा होता. हसणं सुरू झालं तसा तोही हसला, नम्रपणे, पुढचे दोन दात दाखवत. रुपराव त्याच्या मागे गाठोडं धरून उभा होता आणि त्याला सगळं समजत होतं. जन्मात पहिल्यांदा त्याला एक अख्खी इंग्रजी कविता समजत होती.

“बहुत अच्छा, दर्जी,” मेट्रन म्हणाली. “पहली तारीख से आना. और ये हम रखेगा.” तिने कार्ड आपल्या टेबलाच्या खणात टाकलं. बाकीच्या चिठ्ठ्या उघडल्याही नाहीत.

म्हणजे नोकरी लागली. परत येताना रामाजी जुम्मा तलावाच्या काठापर्यंत रुपरावच्या पुढे चालत राहिला. तिथे थांबून म्हणाला, “काहून हासली गा ते?”

“खुश झाली, काकाजी.”

“रुपराव, म्या चाळीस साल बायांचं हासनं आयकून राहिलो. नवा झगा आंगात बसला का हासते, ते एक. मालकाले बिल दाखवते तवा हासते, ते एक. हे तसलं नव्हतं. हे पोट्टे कुत्र्याच्या शेपटीले डबा बांधते तवा हासते, तसलं होतं. आता खरं वाच.”

कार्ड समोर नव्हतं, पण ओळी पाठ होत्या. रुपरावने त्या मराठीत सांगितल्या. चोरी सांगितली, बोका सांगितला, फासाचा दोर सांगितला. कोबीसुद्धा सांगितली. सांगताना तो तलावाकडे पाहत होता, कारण दुसरीकडे पाहायची सोय नव्हती.

रामाजीने तोंडातली सुपारी थुंकून टाकली. “म्हंजे म्या इमानानं चिंध्या वापस देल्त्या,” तो म्हणाला, “त्यातलीच कापून त्यायनं मले चोर म्हनलं.”

“सण असते त्यायचा. प्रेमाचा.”

“प्रेमाचा?” रामाजीने अशी मान मागे घेतली, जशी कोबीच्या वासाने कुत्र्याने घेतली होती. “आमी बी शिमग्यात बोंबलतो, तोंड भरून बोंबलतो. पन ज्याच्या नावानं बोंबलाचं, त्याच्या दारात उभं राहून बोंबलतो. तो बी माह्या नावानं बोंबलते. दुसऱ्या दिवशी आंग धुतलं का संपलं. हे काय होय? लपून मारतेत, अन आना बी माह्याचकडून घेतेत? थू!”

घरी येऊन त्याने नळी ओतली. “आता ह्या साऱ्या वाच. जशा हायेत तशा.”

“काकाजी, ह्या तं सायबायनं सही करून...”

“वाच.”

रुपरावने वाचल्या. अडलं तिथे अडलं म्हणून सांगितलं, बनवलं काही नाही. बहुतेक बऱ्या होत्या: मेहनती, वेळेवर येणारा, स्वस्त. पण एकीत होतं, ‘बटणं मोजून द्या.’ दुसरीत, ‘आपल्याला कोट शिवता येतो असं याला वाटतं.’ तिसरीत, ‘घामाचा वास येतो, वाऱ्याच्या उलट्या दिशेला बसवा.’ असं करता करता नऊ निघाल्या. सगळ्यांत जुनी, १८८९ सालची, किल्ल्यावरच्या एका कप्तानाची, सिंहाचा छाप असलेली. तो छाप भारी म्हणून रामाजी गेली चोवीस वर्षं ती प्रत्येक नव्या बंगल्यावर सगळ्यांत आधी दाखवत आला होता. तिच्यात लिहिलं होतं, ‘लाथ मारली तरी सलाम करतो. ठेवून घेण्यासारखा.’

देवकीकाकू उंबऱ्यात बसली होती. ती उठली, त्या नऊ चिठ्ठ्या तिने रुपरावच्या हातातून घेतल्या आणि चुलीत घातल्या. कप्तानाचा कागद जाड होता, त्याला जळायला वेळ लागला.

“जासान का मंग बोर्डिंगात?” तिने विचारलं.

“जाईन,” रामाजी म्हणाला. “गुडघे त्यायचे नाईत, माहे हायेत.”

आणि एक मार्चला तो गेलाही. रुपराव फाटकापर्यंत सोबत होता. वरच्या खिडकीतून एका मुलीने रामाजीला पाहिलं आणि ओरडली, “कॅबेज!” मग दुसरी खिडकी, मग तिसरी. वीस-पंचवीस गळे. धुतलेले, गोड, प्रार्थनेत सराव झालेले गळे. “कॅबेज! कॅबेज!” मेट्रन पायरीवर उभी राहून, लटक्या रागाने, त्यांना बोट दाखवत होती.

रामाजी आत गेला. खोली होती, खिडकीचा उजेड होता, खुर्चीही होती. दुपारपर्यंत तो तिच्यावर बसला आणि एका मुलीचा पांढरा एप्रन शिवून पुरा केला. पुढे रुपरावला कळलं, त्या एप्रनची शिवण इतकी सरळ होती की मेट्रनने ती दुसऱ्या शिंप्याला नमुना म्हणून दाखवली. एप्रन पुरा झाल्यावर त्याने खाली पडलेले पांढरे तुकडे वेचले, दोरे वेचले, गाठोडं बांधलं, मेट्रनच्या टेबलावर ठेवलं. सलाम केला नाही. फाटकाबाहेर आला तेव्हा रुपराव समोरच्या चिंचेखाली बसलेलाच होता.

“बसून पाह्यलं खुर्चीवर,” रामाजी म्हणाला. “टोचते.”

सोमवारपासून तो पुन्हा व्हरांड्यांच्या फेरीला लागला. फक्त पर्किन्सचा बंगला सोडला. त्यांच्या धाकटीचा अर्धा शिवलेला झगा त्याने परत नेऊन दिला, चिंध्यांसकट.

खरं काय ते कळल्यावर बोळाने रुपरावला वकील म्हणायचं थांबवलं. त्याला इतवारीच्या बाजारात कापडाच्या एका पेढीवर नोकरी मिळाली. काम काय, तर मुंबईला इंग्रजी पत्रं लिहायची. शेटजींनी कोट घालून यायला सांगितलं. कोट रामाजीने शिवला. माप मात्र डोळ्यांनी नाही, हाताने घेतलं, खांद्यावर हात ठेवून, आपल्या माणसाचं घ्यावं तसं. रुपरावला त्या हाताखाली उभं राहणं कठीण गेलं.

“शिलाई किती काकाजी?”

“पैसे नको. एक चिठ्ठी लिवून दे.” दाताने दोरा तोडत रामाजी म्हणाला. “मराठीत. बोळातल्या कोनाले बी वाचता येईन अशी. रामाजीनं चाळीस सालात कापड चोरलं नाई, एवढंच लिव. अन खाली सही करजो. आपलं नाव घालून.”

रुपराव त्या दिवशीच लिहायला बसला. ‘दाखला देण्यात येतो की’ असं लिहिलं आणि थांबला. दाखला देणारा हा कोण? ज्याने कोबीची भाजी दोनदा घेतली तो? कागद फाडला. दुसऱ्यांदा बसला, ‘प्रामाणिक’ हा शब्द लिहिला आणि तो साहेबाच्या चिठ्ठीतल्यासारखा दिसायला लागला. तोही फाडला. पेढीवरून मुंबईला त्याने आजवर शेकडो पत्रं धाडली असतील, एकाही पत्राला असा घाम फुटला नाही.

कोटाने दोन हिवाळे काढले. परवा बोळाच्या तोंडाशी रामाजी भेटला. रुपरावने आपणहूनच विषय काढला, “काकाजी, ते चिठ्ठी... लिवूनच राहिलो.”

“घाई नाई गा,” रामाजी म्हणाला, आणि कोटाची बाही चिमटीत धरून शिवण उजेडाकडे वळवून पाहू लागला.